रस्ता ओलांडताना नक्की काय बघायचं? चालणाऱ्यांसाठी, आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी पण

दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडायचा एवढं आपल्या सगळ्यांना लहानपणीच शिकवलेलं असतं, पण बघून नेमकं काय ठरवायचं हे कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातात जातात, त्यातले २३ टक्के पायी चालणारे असतात, आणि ५ ते २९ वयातल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूचं एक नंबरचं कारण हेच आहे, कुठला रोगबिग नाही. इतक्या लोकांना काय रस्ता ओलांडता येत नव्हता असं नाही. बहुतेक वेळा घोळ दोन ठिकाणी होतो, एक म्हणजे समोरच्याला आपण दिसलेलोच नसतो, नाहीतर दिसलो तरी त्याला थांबायला जागा उरलेली नसते. खाली जे काय लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टी सांभाळायचंच आहे.

आधी थोडा हिशोब, कंटाळा करू नका

ताशी ५० किमीने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात, डोक्यात ट्यूब पेटली, पाय ब्रेकवर गेला, यात आरामात दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी २१ मीटर पुढे आलेली असते, आणि मग कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तरी थांबायला अजून १४ एक मीटर लागतात. एकूण झाले ३५. तीच गाडी ३० ने येत असेल तर सगळं मिळून साधारण १८ मीटरमध्ये उभी राहते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, ३० वाली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते तिथे ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलासुद्धा नसतो! म्हणजे त्या जागी कुणी उभं असेल तर त्याला पूर्ण ५० च्या वेगाने धडक बसणार. पावसात, घासलेल्या टायरवर, भरलेल्या ट्रकला तर अंतर अजून वाढतं.

आता आपली बाजू. दोन लेनचा रस्ता साधारण ७ मीटर धरा, नेहमीच्या चालीने ओलांडायला ६ सेकंद लागतात. त्या ६ सेकंदात ५० वाली गाडी ८० मीटरच्या पुढे जाते आणि ६० वाली १०० मीटर. त्यामुळे "लांब आहे अजून" हा अंदाज फार फसवा असतो, आपल्याला अंतर दिसतं पण वेग दिसत नाही, त्यातही गाडी सरळ आपल्याकडेच येत असेल तर अजिबातच नाही.

यावर उपाय सोपा आहे पण लोक करत नाहीत. रोज जिथून रस्ता ओलांडता तिथे एकदा फुटपाथवरच उभे रहा, उतरू नका. लांबचा एखादा दिव्याचा खांब नाहीतर झाड धरा. गाडी त्या खांबापाशी आली की मनात सावकाश मोजायला लागा, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन असं, एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद. एकशे सहाच्या आत गाडी तुमच्यासमोरून गेली तर तो खांब जवळचा आहे, अजून लांबचा धरा. चार-पाच गाड्या अशा मोजल्या की कळतं की इथे त्या खांबापर्यंत रस्ता मोकळा असेल तरच निघायचं, मग रोज अंदाज बांधत बसायला नको. रस्ता चार लेनचा असेल तर सेकंद दुप्पट होतात, आणि मध्ये डिव्हायडरवर थांबायची सोय नसेल तर तिथून ओलांडूच नका, पुढे जाऊन सिग्नल गाठा, दोन-चार मिनिटं जास्त गेली तरी चालतील. मोटरसायकलच्या बाबतीत जास्तच सांभाळा, आकाराने लहान दिसते म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते.

कानावर पण फार विसंबू नका. इलेक्ट्रिक गाड्या कमी वेगात जवळजवळ आवाजच करत नाहीत, म्हणून तर युरोपात २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना हळू चालताना मुद्दाम आवाज करणारं यंत्र बसवणं सक्तीचं केलंय, पण जगातल्या सगळ्या गाड्यांना ते असेलच असं नाही.

थांबलेली गाडी ही सगळ्यात मोठी गोम

झेब्रा क्रॉसिंगवर तुम्ही उभे आहात, जवळच्या लेनमधली गाडी तुमच्यासाठी थांबली, ड्रायव्हरने हाताने जा म्हणून खूण पण केली, तुम्ही बरं वाटून भराभर निघालात. पलीकडच्या लेनमधून येणाऱ्याला काय दिसतंय? एक गाडी उगाच उभी आहे, एवढंच. तुम्ही तिच्या आड आहात. तो बाजूने जोरात काढतो आणि तुम्ही नेमके तेव्हाच आडोशातून बाहेर येता. दोघांनाही एकमेक दिसायला एक सेकंदसुद्धा मिळत नाही.

म्हणून थांबलेल्या गाडीसमोरून जाताना तिच्या पलीकडच्या कडेशी, म्हणजे पुढची लेन सुरू होते तिथे, थांबायचं. खरंच थांबायचं, नुसती चाल हळू करून भागत नाही. मान पुढे काढून बघायचं, ती लेन रिकामी आहे किंवा तिथली गाडी पण थांबली आहे हे दिसलं की मगच पुढचं पाऊल. प्रत्येक लेन हा वेगळा रस्ता आहे असंच धरून चाला. थांबलेलं वाहन बस किंवा ट्रक असेल तर पलीकडचं काहीच दिसत नाही, तेव्हा अजून सावकाश. बसमधून उतरल्यावर तर त्याच बसच्या पुढून पळत जायचंच नाही, बस निघून जाऊ दे, मग रस्ता आपोआप दोन्हीकडून मोकळा दिसतो. पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या मधून निघायची वेळ आलीच तर गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत या आणि तिथे पुन्हा थांबून बघा.

वळणाऱ्या गाड्या

सिग्नल तुमचा हिरवा आहे, तरी वळणारी गाडी येऊ शकते. वळणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघत फट शोधत असतो, तुम्ही त्याच्या नजरेतच नसता. त्यात पुढच्या काचेच्या कडेला जो जाड खांब असतो ना, छताला धरून ठेवणारा, त्याच्यामागे एक अख्खा माणूस लपतो, आणि गाडी वळत असताना तुम्ही पण चालत असाल तर कधीकधी तुम्ही पूर्ण वेळ त्या खांबाच्या आडच राहता. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की कुणी नव्हतं, आणि खोटं बोलत नसतो.

त्यामुळे ड्रायव्हरचा चेहरा बघा. नजरेला नजर मिळाली तर उत्तम. काच काळी असेल किंवा उन्हाने चमकत असेल तर गाडीचं पुढचं चाक बघा, चाक फिरायचं कमी होतंय का आणि कुठल्या बाजूला वळलंय हे चाकावर सगळ्यात आधी कळतं. इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका, दिला तर बोनस.

ट्रक आणि मोठ्या बसचं गणित वेगळं आहे. वळताना त्यांची पुढची चाकं लांबून जातात पण मागची चाकं कोपरा कापत आतून येतात, कधी कधी फुटपाथच्या कडेवर चढतात सुद्धा. पुढचा भाग तुमच्या समोरून निघून गेला की आपण सुटलो असं वाटतं आणि तेव्हाच मागची चाकं येतात. कोपऱ्यावर उभं असताना कडेला चिकटून उभं राहायचंच नाही, दोन पावलं मागे. उंच ट्रकच्या अगदी नाकासमोर आणि अगदी शेजारी ड्रायव्हरला काही दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात.

रिव्हर्स येणाऱ्या गाड्या हा पण एक प्रकार आहे, पार्किंगमध्ये आणि गेटपाशी. मागचा पांढरा दिवा लागला की ती गाडी आता मागे येणार हे लहान मुलांनासुद्धा शिकवून ठेवा.

कुठल्या बाजूने चालायचं

फुटपाथ असेल तर फुटपाथ. नसेल तर ज्या बाजूने गाड्या तुमच्या समोरून येताना दिसतील ती बाजू, पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही आणि दिसली नाही की उडी मारून बाजूला होताही येत नाही. एकामागे एक चाला, तिघं-चौघं गप्पा मारत शेजारी शेजारी नको. एक अपवाद, तुमच्या बाजूला आंधळं वळण असेल, म्हणजे समोरून येणाऱ्याला वळण संपेपर्यंत तुम्ही दिसणारच नसाल, तर वळण यायच्या बऱ्याच आधी पलीकडे जा आणि वळण संपल्यावर परत या. आणि आधी कुठे बघायचं हे त्या देशात गाड्या कुठल्या बाजूने चालतात त्यावर आहे, डावीकडून चालत असतील तर पहिला धोका उजवीकडून येतो. परदेशात गेल्यावर मान सवयीने उलट्या बाजूला वळते, तिथे निदान काही दिवस दोनदा दोनदा बघा.

रात्री

काळे किंवा गडद कपडे घातलेला माणूस गाडीच्या लो बीममध्ये, म्हणजे खाली टाकलेल्या हेडलाईटमध्ये, साधारण २५-३० मीटरवर आल्यावर दिसतो. वर काढलेला ५० च्या वेगाचा आकडा आठवा, ३५ मीटर. म्हणजे ड्रायव्हर शुद्धीत आहे, लक्ष रस्त्यावर आहे, ब्रेक उत्तम आहेत, आणि तरीही गाडी वेळेत थांबत नाही. पांढरा शर्ट घातला तर थोडा फरक पडतो, फार नाही. खरा फरक पडतो तो रिफ्लेक्टिव पट्टीने, ती १०० मीटरच्या पुढून चमकते. ती छातीपेक्षा घोट्यांना आणि मनगटाला बांधलेली जास्त कामाची, कारण हलणारे हात-पाय बघून ड्रायव्हरच्या डोक्याला लगेच कळतं की हा माणूस चालतोय, नाहीतर नुसता चमकणारा ठिपका खांबाचा आहे का बोर्डाचा हे कळायला वेळ जातो. पट्टी नसेल तर मोबाईलचा टॉर्च खाली जमिनीकडे धरून हलवत चाला, समोरच्याच्या डोळ्यात मारू नका.

आणि समोरासमोर दोन गाड्यांचे हेडलाईट असतील तर मध्ये उभा असलेला माणूस दोघांनाही दिसेनासा होतो, हे माहीत नसलेले लोक रस्त्याच्या मधोमध उजेडात उभे राहून निवांत वाट बघतात. आपल्याला गाडीचे दिवे लख्ख दिसतात म्हणून गाडीवाल्यालाही आपण तसेच दिसत असू असं वाटतं, तसं अजिबात नसतं.

मोबाईलबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय आणि कुणी ऐकत नाही. फक्त ते ६ सेकंद तरी खिशात ठेवा, रील पळून जात नाही. इयरफोन असतील तर एक कान मोकळा. आणि पिऊन गाडी चालवू नये हे सगळे म्हणतात, पण पिऊन अंधारात रस्त्याने चालत जाणं पण जीवावरचं आहे, अशा माणसाला एकटं सोडू नका.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. त्याची उंची कित्येक गाड्यांच्या बोनेटपेक्षा कमी असते, त्याला गाडीपलीकडचं दिसत नाही आणि ड्रायव्हरला तो दिसत नाही. येणाऱ्या गाडीचा वेग ओळखणं मुलांना नऊ-दहा वर्षांपर्यंत नीट जमत नाही, तोपर्यंत किती हुशार असला तरी वर्दळीच्या रस्त्यावर एकटा सोडू नका. हात धरताना बोटं धरू नका, मनगट धरा, बोटं झटक्यात सुटतात. गाड्यांच्या बाजूला मोठ्या माणसाने चालायचं. आणि शिकवायचं असेल तर ओढत नेण्याऐवजी कडेला उभं राहून त्यालाच विचारा, आता जायचं का, का नाही, कुठली गाडी वळणार वाटतंय. तो चुकीचं सांगेल, मग का नाही ते दाखवा. रस्ता ओलांडायला पलीकडून हाक मात्र कधीच मारू नका. मूल हाक ऐकलं की गाडी बिडी काही बघत नाही.

वय झालेल्या माणसांना ७ मीटरला ६ नाही, ८-९ सेकंद लागतात, काठी असेल तर अजून जास्त. सिग्नल बऱ्याच ठिकाणी तरण्या माणसाच्या चालीवर लावलेले असतात. त्यांना सांगून ठेवा की आधीच लागलेल्या हिरव्यावर घाईने निघायचं नाही, तो जाऊ दे, पुढचा लागला की लगेच निघायचं म्हणजे पूर्ण वेळ मिळतो. थोडं लांब पडलं तरी मध्ये थांबायला जागा असलेलं क्रॉसिंग निवडा.

तुम्ही गाडी चालवत असाल तर

इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण चालणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी लोखंड तुमच्याकडे आहे. ५० च्या जागी ६५ ने धडक बसली तर चालणाऱ्याचा मरण्याचा धोका साडेचार पट होतो. रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. आणि शहरात ५० च्या जागी ६५ ने जाऊन तुम्ही पुढच्या सिग्नलला त्याच लोकांबरोबर उभे असता.

क्रॉसिंगवर थांबताना पट्ट्यांना चिकटून थांबू नका, एखाद्या गाडीएवढं अंतर मागे थांबा, म्हणजे चालणाऱ्याला शेजारची लेन दिसते आणि शेजारच्या लेनवाल्याला चालणारा दिसतो. पुढची गाडी क्रॉसिंगपाशी थांबलेली असेल तर तिला ओव्हरटेक करायचं नाही, कारण काहीही असो. चालणाऱ्याला हाताने जा जा अशी खूण करू नका, भलेपणाने करता हे कळतं, पण शेजारच्या लेनची जबाबदारी तुम्ही घेऊ शकत नाही आणि तो बिचारा तुमच्या भरवशावर न बघता निघतो. थांबा आणि त्याला ठरवू द्या. अर्ध्यात असलेल्या माणसावर हॉर्न वाजवू नका, तो दचकून मागे पळाला तर कुठे जाईल सांगता येत नाही. थांबलेल्या बसच्या शेजारून, शाळेपाशी आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेतून जाताना पाय आधीच ब्रेकवर ठेवा, तो दीड सेकंद बराचसा वाचतो.

ड्रायव्हिंग करताना फोन वापरला तर अपघाताची शक्यता साधारण चौपट होते, आणि हँड्सफ्री असल्याने फार काही सुधारत नाही, हात मोकळे असतात पण लक्ष फोनवरच असतं. दुचाकीवर हेल्मेट, पट्टा लावून. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत निघून जातं. नीट घातलेल्या हेल्मेटने मरण्याचा धोका सहा पटीहून जास्त कमी होतो.

समोर अपघात झालाच तर

आधी स्वतः दुसरा अपघात होऊ नका. गाडी बाजूला, हजार्ड लाईट चालू, एकाला मागे जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवायला सांगा. तिथल्या इमर्जन्सी नंबरवर फोन करताना आधी जागा सांगा, मग किती माणसं आणि काय झालंय, फोन कट झाला तरी जागा पोचलेली असते. आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर जखमीला उचलून बसवू नका, मान-मणक्याला लागलेलं असू शकतं. पाणी पाजू नका. रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हेल्मेट श्वास अडत असेल तरच काढायचं. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास पण नीट घेत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत रहा, मदत येईपर्यंत.

डोक्याला मार लागूनही कुणी उठून "काही नाही झालं" म्हणत घरी निघाला तर त्याच्यावर निदान पूर्ण दिवस आणि रात्र लक्ष ठेवा, उलट्या, झोपाळूपणा, वाढत जाणारी डोकेदुखी, विचित्र बोलणं, यातलं काही दिसलं की लगेच हॉस्पिटल.

रस्ताच बदलून घ्या

प्रत्येक वेळी सगळं चालणाऱ्याच्या माथी मारायचं हे मला पटत नाही. माणूस चुकणारच हे धरूनच रस्ता बांधायचा, हा विचार स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये धोरण म्हणून मान्य केला, व्हिजन झीरो नावाने. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, मोठे रस्ते सोडून बाकी सगळीकडे ३० ची मर्यादा लावली. २०१९ मध्ये ओस्लोत एकही पादचारी किंवा सायकलवाला रस्त्यावर मेला नाही, हेलसिंकीत त्याच वर्षी एकही पादचारी नाही. तिथली माणसं काही जास्त सावध नाहीत, वेग कमी केला, क्रॉसिंग नीट केली, गाड्यांची जागा कमी केली.

मागायचं काय हे नेमकं माहीत असेल तर मागता येतं. क्रॉसिंगच्या अलीकडचं पार्किंग काढा म्हणजे चालणारा दिसेल. रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा द्या. क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचला म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागतं. कोपऱ्याची गोलाई कमी करा, गोल कोपऱ्यावर गाड्या वेग न कमी करता वळतात. सिग्नलवर गाड्यांच्या आधी चालणाऱ्यांना ३ ते ७ सेकंद हिरवा द्या, तोपर्यंत माणसं रस्त्याच्या मध्ये पोचून नीट दिसायला लागतात. "अपघाती क्षेत्र, सावकाश जा" असा नुसता बोर्ड लावून देत असतील तर तेवढ्यावर गप्प बसू नका, रस्ता रुंद आणि सरळ असेल तर गाड्या वेगानेच जातात, बोर्ड कोण वाचतंय.

तक्रार करताना "इथे फार धोका आहे" असं लिहिलं तर ती फाईलमध्ये जाते. पाव तास उभं राहून किती माणसांनी ओलांडलं आणि किती गाड्या थांबल्या ते मोजा. एखाद्या वयस्कर माणसाला किती सेकंद लागले आणि हिरवा किती सेकंदांचा होता ते लिहा. क्रॉसिंगवर मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर फोन धरून फोटो काढा, पार्क केलेल्या गाड्यांच्या पलीकडचं काहीच दिसत नाही हे त्यात स्वच्छ येतं. थोडक्यात अपघात टळला असे प्रसंग तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, जवळची शाळा आणि आजूबाजूचे रहिवासी यांच्या सह्या घ्या आणि मागणी एकच ठेवा, दहा नको. काम झालं तर महिन्याभराने त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून परत पाव तास मोजा आणि ते आकडे पण ज्या साहेबांकडे तक्रार केली त्यांनाच पाठवा, पुढच्या चौकाचं मागताना उपयोगी पडतात.